गणपती कुठे बसला होता

मुरलीधर भुसारीला 'नाही' म्हणता येत नसे. हिंदी मुलखातल्या रांझीच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी त्याचा मनसोक्त फायदा घेतला होता. सतरंज्या झटकायला कोण? मुरली. नागपूरहून येणाऱ्या कीर्तनकाराला भल्या पहाटे स्टेशनवरून आणायला कोण? मुरलीच. आणि आरतीच्या वेळी हाच मुरली सगळ्यांच्या मागे, चपलांपाशी उभा. कोणी मुद्दाम उभं केलं नव्हतं. कामं उरकून येईपर्यंत पुढची जागा भरलेली असायची, इतकंच.

त्याचे वडील संरक्षण कारखान्यात फिटर होते. मुरलीधर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढला, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री झाला. उपयंत्री म्हणजे साइटवर उन्हात उभा राहून ठेकेदाराचं काम तपासणारा. ठेकेदार त्याला साहेब म्हणत, वरचे साहेब त्याला 'अरे भुसारी' म्हणत. लग्न सुनेत्राशी झालं, ती शाळेत शिक्षिका. माणूस सरळ होता, लाच खाल्ली नाही, कोणाचं वाईट केलं नाही. फक्त कोणी प्रेमाने 'आपला मुरली' म्हटलं, की तो विरघळायचा. पन्नाशी आली तरी त्याला हे ऐकण्याची भूक होती, आणि ही भूक भागवणारी माणसं मंडळात दोनच. एक अध्यक्ष बापूसाहेब, म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. ते गरज पडली की म्हणत. दुसरी शकुमावशी. ती गरज नसतानाही म्हणे.

शकुमावशी नात्याने कोणी नव्हती. क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून राहायची. मुरलीची आई आजारी असायची, तेव्हा त्याच्या डब्यात पोळी शकुमावशीचीच असे. पुढे नवरा गेल्यावर ती शिवणकाम करून राहिली. मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य मात्र दर वर्षी तिच्याच हातचा. तळणीचे मोदक. सोवळंओवळं ती फारसं पाळत नसे, पण नैवेद्य करताना खोटं बोलायचं नाही, कोणाला उणंदुणं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. मोदक तळताना गप्पा मारायला आलेल्या बायकांना ती सरळ बाहेर काढायची.

मंडळाचा गणपती मैदानात बसायचा, मांडवात. आणि दर वर्षी मांडवावर पाऊस. एकदा तर ताडपत्रीत साठलेलं पाणी ऐन आरतीत बापूसाहेबांच्या डोक्यावर बदाबदा कोसळलं. त्यामुळे त्याच मैदानाच्या कडेला सरकारी सामुदायिक भवन मंजूर झालं आणि योगायोगाने त्याची देखरेख मुरलीधरकडेच आली, तेव्हा मंडळाचा आनंद गगनात मावेना.

श्रावण संपत आला तेव्हा भवन बाहेरून झकास दिसत होतं. रंग झाला होता, वीज आली होती, दारं बसली होती. पण गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून करायचं काम अर्धवट होतं, मागची नाली खणायची होती. नियम साधा होता, काम पुरं झाल्याचा दाखला निघाल्याशिवाय कोणी आत पाय ठेवायचा नाही.

बापूसाहेब साइटवर आले. मुरलीधरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुरली, यंदा बाप्पा छताखाली बसू दे रे. दहा दिवसांची तर गोष्ट आहे. आपला माणूस खात्यात असून बाप्पाने भिजायचं काहून?" आणि जाता जाता अगदी सहज म्हणाले, "पहिल्या आरतीचा मान तुझा अन् सुनेत्राचा. चलो, ठरलं."

पहिल्या आरतीचा मान! ज्याने जन्मभर चपलांपाशी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याला मखरासमोर तबक धरायचं आमंत्रण. मुरलीधरने ठेकेदाराला फोन लावला.

ठेकेदार धनेश शहपुऱ्याचा. काम बरं करायचा, बोलायचा कमी. तो किल्ली घेऊन आला तेव्हा मुरलीधर स्टेजवर टेप धरून मखराची लांबीरुंदी मोजत होता. हॉलमध्ये दोघंच होते. धनेशने ताबा दिल्याचं विचारलं, "सर, चाबी दे रहा हूँ तो सुपुर्दगी मान लूँ?"

मुरलीधरने वळूनही पाहिलं नाही. "मान लो भैया, मान लो."

आता या दोन शब्दांत काय होतं, ते सांगायला हवं. करारात असं होतं, की काम पुरं झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत काही गळलं, फुगलं, पडलं, तर ठेकेदाराने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. तीन वर्षं संपली की तो मोकळा. पण त्याच कलमात पुढे एक ओळ होती. दाखल्याआधीच खात्याने इमारत वापरायला घेतली, तर तीन वर्षं वापराच्या पहिल्या दिवसापासून मोजायची. ही ओळ मुरलीधरला पाठ होती. नव्या पोरांना तो स्वतः समजावून सांगायचा. आणि तोच गृहस्थ मखराच्या मापात गुंग होऊन 'मान लो' म्हणून मोकळा झाला. अशा माणसाला काय म्हणावं!

गणपती भवनात बसला. काय तो थाट! शकुमावशीने मोदकांचं ताट आणलं, मुरलीधरने रेशमी कुर्ता घातला, सुनेत्रा नऊवारी नेसली, आणि दोघांनी तबक धरलं. त्याचा फोटो सुनेत्राने मोठा करून दिवाणखान्यात लावला. आल्यागेल्याची नजर त्यावर जावी अशाच जागी मुरलीधर पाहुण्यांना बसवू लागला.

दिवाळीनंतर धनेशची माणसं आली, गच्चीचं काम पुरं केलं, नाली खणली. फेब्रुवारीत मुरलीधरने दाखला बनवला, त्यावर काम पुरं झाल्याची तारीख फेब्रुवारीची घातली. ती खोटीही नव्हती. काम तेव्हाच पुरं झालं होतं. 'मान लो' मात्र तो विसरून गेला. विसरला, की विसरणं सोयीचं होतं म्हणून विसरला, हे त्याचं त्यालाही पुढे नीट सांगता आलं नाही.

भवन चांगलं चाललं. दुपारी तिथे शकुमावशी बायकांना शिवण शिकवायची. दर वर्षी गणपती बसायचा आणि पहिली आरती मुरलीचीच. चौथ्या वर्षी, बाप्पा यायच्या आदल्या आठवड्यात, मुरलीधर शिडीवर चढून झालर बांधत होता. शिवणयंत्रांच्या वरच्या कोपऱ्यात त्याला छतावर ओलीचा डाग दिसला. त्याने बोटाच्या पेराने ठोकलं. पोकळ आवाज आला. गिलावा छतापासून सुटला होता.

इथे त्याने एक करायला हवं होतं. खाली उतरून त्याच दिवशी धनेशला नोटीस पाठवायची. मुदत संपण्याआधी दोष कळवला, की ठेकेदार बांधला जातो. नोटीस म्हणजे दोन ओळींचं काम. पण बाप्पा यायचे होते, धनेशच्या माणसांनी परांच्या बांधल्या असत्या, सजावटीचा विचका झाला असता, बापूसाहेबांचं तोंड वाकडं झालं असतं. मुरलीधरने मनात हिशेब केला, फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. दिवाळी होऊ दे, मग बघू. आणि तो डाग झाकला जाईल अशी झालर जरा खाली ओढून घेतली.

फेब्रुवारीपासून मोजायचं नव्हतंच. मोजायचं होतं त्या पहिल्या गणपतीपासून. तीन वर्षं बाप्पा मखरात बसलेले असतानाच पुरी झाली, आणि मुरलीधर तबक धरून आरती म्हणत होता.

नवरात्रात दुपारी गिलाव्याचा पत्रावळीएवढा तुकडा खाली आला. शकुमावशी यंत्रावर वाकून एका मुलीला दोरा ओवून दाखवत होती. डोकं वाचलं, उजवं मनगट मोडलं.

मुरलीधर दवाखान्यात धावत गेला. मावशी हात गळ्यात बांधून बसली होती आणि वर त्याचीच समजूत घालत होती. "अरे, त्या पोरीच्या डोक्यावर पडलं असतं तर? बाप्पाने माझ्यावर निभावलं. तू काहून रडून राहिला?" तो रडतच होता. त्याला तिचा हात दिसत नव्हता, झालर खाली ओढणारा स्वतःचा हात दिसत होता.

मग नोटीस गेली. धनेशचं उत्तर आलं, भवन त्या वर्षीच्या गणेशोत्सवापासून वापरात आहे, माझी मुदत संपली. खात्याचे मोठे साहेब, म्हणजे कार्यपालन यंत्री, दाखला दाखवून म्हणाले, मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा साहेबांनी ठरवलं, की भवनात जाऊन लोकांनाच विचारावं, त्या वर्षी गणपती कुठे बसला होता.

ही बातमी आली त्याच संध्याकाळी बापूसाहेबांच्या अंगणात मंडळ जमलं. मुरलीधर आला तेव्हा सगळं ठरूनही गेलं होतं. बापूसाहेब म्हणाले, "गणपती बाहेर मांडवात होता. संपलं! सगळे हेच सांगून राहिले. फोनमधले फोटो काढून टाकलेत सगळ्यांनी. तू काही बोलू नको, तुझी नोकरी आम्ही जाऊ देणार नाही. अन् त्या धनेशला सोडायचं कशाला? मावशीचा हात मोडला त्याने."

मुरलीधरने मान खाली घातली. लोकांना ती कृतज्ञता वाटली. खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं होतं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली होती. मावशीचा मोडलेला हात धनेशच्या नावावर मांडला जात होता, तो खरं तर मुरलीधरच्या नावावर पडायला हवा होता. धनेशने विचारलं होतं, याने 'मान लो' म्हटलं होतं. वेळेत कळवलं असतं तर तो बिनतक्रार आला असता. यातलं मंडळाला काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, ठेकेदार पळवाट काढतोय.

घरी त्याने सुनेत्राला सगळं सांगितलं, डागासकट. तिने भिंतीवरच्या आरतीच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो फोटो उतरवायचा असेल तर तुम्हीच उतरवा. मी लावला, मी नाही काढणार." तो स्टूल आणायला उठला तेव्हा ती मागून म्हणाली, "अन् निदान शकुमावशींना तरी खरं सांगा. साहेब त्यांनाही विचारणार. त्या कशाच्या भरवशावर खोटं बोलणार आहेत, हे त्यांना कळू तर द्या."

तो गेला. दारातूनच मावशीने हाक मारली, "आला का मुरली? बस." डाव्या हाताने चहा गाळला, निम्मा सांडला, हसली. तो म्हणाला, "मावशी, एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "मले सगळं कळलं रे, बापूसाहेब सांगून गेले. माझ्या जिवावर येतं खोटं बोलायचं, त्यातून बाप्पाबद्दल. पण तुझ्यासाठी बोलीन. तू काही गैर केलं असशील असं मी मानतच नाही." यानंतर माणसाने तोंड उघडावं तरी कसं? मुरलीधर तो चहा प्यायला, पुन्हा एक कप प्यायला, आणि घरी आला.

साहेब आले तो दिवस शनिवार होता. भवनात, फुटक्या छताखाली टेबल मांडलं. धनेश एका बाजूला एकटा उभा होता. एकेकाला विचारत गेले. बापूसाहेबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "पंडाल में, सर. बाहर मैदान में." बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली. शेवटी साहेब शकुमावशीकडे वळले. तिचा गळ्यात बांधलेला हात पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "माताजी, आप बताइए. आप तो झूठ नहीं बोलेंगी."

मावशीने आधी स्टेजकडे पाहिलं, जिथे दर वर्षी मखर असायचं. मग मुरलीधरकडे पाहिलं. अजून वेळ होता. त्याने नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याने नजर जमिनीकडे वळवली.

"बाहर ही थे बप्पा," मावशी म्हणाली. "मांडवात."

साहेब मुरलीधरला म्हणाले, "भुसारी जी, आपको कुछ कहना है?"

ज्याला जन्मात कधी 'नाही' म्हणता आलं नाही, तो त्या दिवशी न अडखळता म्हणाला, "नहीं, सर."

धनेशने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोसलं असतं. पण त्याने असं पाहिलं, की आपण माणूस ओळखायला चुकलो याचंच त्याला वाईट वाटलं असावं. निकाल लागला. मुदत दाखल्यापासून मोजायची, दुरुस्ती ठेकेदाराने करायची, आणि ती होईपर्यंत त्याला खात्याचं नवीन काम नाही. मंडळाने पेढे वाटले. मुरलीधरच्या हातात पेढा आला. त्याने तो खिशात ठेवला, आणि घरी गेल्यावर खिसा धुवावा लागला.

धनेशने काम मन लावून केलं. सगळा गिलावा उतरवला, गच्ची पुन्हा बांधल्यासारखी केली, जिथे गरज नव्हती तिथेही. मुरलीधर रोज देखरेखीला जायचा आणि लांबच उभा राहायचा. माणसाने निदान रागाने थोडं वाईट काम करावं, म्हणजे आपल्यालाही थोडं बरं वाटेल, असं त्याला वाटायचं. धनेशने तीही सोय ठेवली नाही.

संक्रांतीच्या सुमारास काम संपलं. मंडळाची चार माणसं जमली, शकुमावशी चहा घेऊन आली. तिचं प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून ताठ होती. धनेशने किल्ली काढली, पण दिली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, आज की तारीख से मान लूँ?"

"हाँ," मुरलीधर पुटपुटला.

"सबके सामने इसलिए पूछ रहा हूँ, सर. पिछली बार अकेले में पूछा था." मग त्याने किल्ली टेबलावर ठेवली, मावशीच्या पाया पडला, "आपके हाथ का मुझे बहुत अफ़सोस है, माताजी," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

बापूसाहेब म्हणाले, "बघा, जाता जाता टोमणा मारून गेला!" बाकीचे हसले. मावशी हसली नाही. लोक पांगल्यावर ती कप गोळा करता करता मुरलीधरपाशी आली.

"खोटं बोलून राहिला ना तो?"

मुरलीधरने टेबलावरची किल्ली उचलून मुठीत धरली.

"मुरली, त्याने विचारलं होतं तुले? अन् तू हो म्हटलं होतंस?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आणि मग, आता सगळं गेलंच आहे तर हेही जाऊ दे म्हणून, किंवा तिच्या समोर आणखी लपवणं जमेना म्हणून, त्याने डागाचंही सांगितलं. शिडी, पोकळ आवाज, झालर. सांगताना त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

"हाताचं काही नाही रे," ती म्हणाली. "हात जुळला." आणि कप घेऊन निघून गेली. ना शिव्या दिल्या, ना अबोला धरला. रस्त्यात भेटली की बोलायची, सुनेत्राची चौकशी करायची. मुरलीधरला वाटू लागलं, मिटलं म्हणायचं. त्याने साहेबांकडे जाऊन खरं सांगायचं तीनतीनदा ठरवलं आणि तीनतीनदा रद्द केलं. छत काही आता पुन्हा पडणार नव्हतं, मग सांगून काय उपयोग, असं तो स्वतःला समजवायचा. धनेशच्या नावावर मात्र खात्यात अजून डाग होताच, हे तो त्या समजावणीत धरत नसे.

पुढच्या भाद्रपदात धो धो पाऊस झाला. भवनात पाण्याचा एक थेंब नाही. मखर सजलं, माणसं जमली. नैवेद्याचं ताट आलं, आणि मुरलीधरने पाहिलं, मोदक शहरातल्या गोरखपूर बाजारातल्या दुकानातले होते, खोक्यातून काढून रचलेले. बापूसाहेब म्हणाले, "शकुताईने यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. हात अजून दुखत असेल." पण कालच मुरलीधरने तिला याच हाताने यंत्र चालवताना पाहिलं होतं.

तो बाहेर आला. पाऊस थांबला होता. मैदानात, जिथे पूर्वी मांडव असायचा त्या जागी, चिखलात शकुमावशी उभी होती. नवं लुगडं नेसलेली, पायांत चपला नाहीत. भवनाच्या दाराकडे तोंड करून तिने हात जोडले होते.

"मावशी, आत या ना. आरती सुरू होते आहे."

"मी इथूनच पाया पडते रे," ती म्हणाली. "बाप्पा बाहेर होते म्हणून सांगितलं ना मी साहेबाले. आता आत कोणत्या तोंडाने येऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मुरलीधर तिच्या शेजारी चिखलात उभा राहिला, आणि आतून बापूसाहेब पहिल्या आरतीसाठी त्याच्या नावाने हाका मारत राहिले.